जमिनीखाली ग्रंथालय बांधायचं म्हणतोय, सल्ले द्या नाहीतर अडवा

माणदेशी_माणूस:

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं डोक्यात घोळणारं एक खूळ इथे टाकतोय. हसायचं असेल तर हसून घ्या, पण हसून झाल्यावर सल्ला देऊन जा.

दहिवडीच्या पुढं आमच्या वाटणीला आलेलं एक माळरान आहे. पिकत काही नाही, कुसळं आणि दगड. तिथं जमिनीखाली एक ग्रंथालय बांधावं असं मनात आहे. रोज येऊन पेपर वाचायचं वाचनालय नव्हे, ते गावात आहेच (म्हणजे बोर्ड आहे). हे पुढच्या दोनशे वर्षांसाठी. बाराफूट बाय वीसफूट खोली, वर दहा-बारा फूट माती, आत लोखंडी मांडण्या, दार बंद.

ठेवायचं काय? आमच्या भागातल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या, ज्या सध्या कॅसेटवर आहेत. गजीनृत्याची गाणी. मेंढरांच्या औषधपाण्याच्या दोन वह्या, एका धनगर आजोबांनी सांगितलेल्या आणि मास्तरांनी लिहून घेतलेल्या. चुलत्यांकडचं मोडी दफ्तर. ७२ च्या दुष्काळातल्या खडी फोडायच्या कामाचे काही हजेरीपट. शाळेची हस्तलिखित मासिकं. आणि जोडीला शेती, आरोग्य, गणित, विहीर कशी बांधायची, लोखंड कसं करायचं, असली कामाची पुस्तकं.

डोक्यात हे भरलं तीन गोष्टींमुळे. एक म्हणजे जैसलमेर जिल्ह्यातलं भादरिया. पोखरणजवळच्या त्या गावात देवीच्या मंदिराखाली भादरिया महाराजांनी जमिनीखाली लाखो पुस्तकांचं ग्रंथालय उभं केलंय, बाहेर वाळवंट तापलेलं आणि आत गार. दुसरं ते नॉर्वेतलं स्वालबार्ड, जिथे बियाण्यांची तिजोरी आहे आणि त्याच बेटावर जुन्या कोळशाच्या खाणीत २०१७ पासून जगभरच्या कागदपत्रांच्या फिल्मी ठेवतात. तिसरं आपल्या सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं. हळद जमिनीखाली वर्षानुवर्षं टिकते तर पुस्तकं का टिकू नयेत?

पाऊस आमच्याकडे नावालाच असतो, त्यामुळे ओलीची भीती नाही असं मला वाटतं. बोला आता.

निनाद_७:

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. पहिला प्रतिसाद माझा.

वाशिष्ठीकाठ:

कल्पना भारी आहे पण आम्हा चिपळूणकरांना तळघर आणि पुस्तकं हे दोन शब्द एका वाक्यात ऐकवत नाहीत हो. आमचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं. २००५ च्या जुलैत पाणी शिरलं, लोकांनी पुन्हा उभं केलं, आणि २०२१ च्या जुलैत परत तेच. ते तर जमिनीच्या वर आहे! भिजलेलं पुस्तक कधी हातात घेतलंयत का? फुगून दुप्पट होतं, मांडणीत असं गच्च बसतं की ओढून निघत नाही, आणि गुळगुळीत कागदाचं असेल तर वाळल्यावर सगळ्या पानांची एक वीट होते. उन्हात घातलं की संपलंच.

इटलीतल्या फ्लोरेन्सचंही असंच झालं होतं. ४ नोव्हेंबर १९६६ ला आर्नो नदीला पूर आला, तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या खालच्या मजल्यांवर जुने ग्रंथ आणि वर्तमानपत्रांच्या फायली होत्या, सगळं चिखल आणि तेलात. देशोदेशीची पोरं येऊन रांगा करून हातोहात पुस्तकं वर काढत होती. दुरुस्तीचं काम पुढे कित्येक दशकं चाललं.

तर माणदेशात पूर येणार नाही हे मान्य, पण पाणी खालीच जातं एवढं लक्षात असू द्या.

बांधकाम_बाळू:

साहेब, मी याच धंद्यात आहे म्हणून जरा सविस्तर.

"पाऊस कमी म्हणून ओल नाही" हे डोक्यातून आधी काढा. तुमच्याकडे वर्षाचा पाऊस चार दिवसांत पडतो आणि तो मुरुमातून खाली जाऊन काळ्या दगडाच्या सांध्यासांध्यांतून आडवा फिरतो. बारा फूट खोल खड्डा घेतला म्हणजे तुम्ही त्या पाण्याला बसायला जागा करून दिली. आमच्या भाषेत त्याला तळघर नाही, विहीर म्हणतात :) वॉटरप्रूफिंगवाला दहा वर्षांची गॅरंटी देईल. तुम्हाला पाहिजेत दोनशे.

दुसरं कोणी सांगत नाही ते म्हणजे हवेतलं पाणी. श्रावणात बाहेरची हवा दमट असते, खालची भिंत गार असते. दार उघडलं की ती हवा आत जाते आणि भिंतीवर दवं धरतात. लोक म्हणतात कोंदट वाटतंय, उघडं ठेवू, आणि नेमकं पावसाळ्यात उघडं ठेवून वाट लावतात. सलग चार महिने डीह्युमिडिफायर चालवायचा तर लाईट पाहिजे, आणि लाईट आहे तोवरच ग्रंथालय आहे असा त्याचा अर्थ झाला.

पर्याय सांगतो. खाली जाऊ नका, आडवे जा. टेकडी असेल तर पोटात बोगदा घ्या आणि त्याचा उतार बाहेरच्या बाजूला ठेवा, म्हणजे पाझरलेलं पाणी आपसूक बाहेर येतं, पंप नको काही नको. स्वालबार्डच्या बियाण्यांच्या तिजोरीचा बोगदा आत उतरत जातो, २०१६ मध्ये बर्फ वितळून तोंडातून पाणी आत शिरलं होतं. बियांपर्यंत पोचलं नाही, वाटेतच गोठलं, पण नंतर त्यांना सगळं तोंड नव्याने बांधावं लागलं. जिथे जमीनच कायमची गोठलेली आहे तिथली ही गत.

हरिपूरकर:

पेवाचं नाव निघालं म्हणून लॉगिन झालो.

माणदेशी भाऊ, पेव आतून कसं असतं ते सांगतो. तोंड अरुंद, माणूस कसाबसा उतरेल एवढं, आणि खाली पोट मोठं. आतून गवत-पाला लावायचा, हळद भरायची आणि तोंड मातीने असं बंद करायचं की हवा जाता कामा नये. आतली हवा संपते, किडा जगत नाही, म्हणून माल टिकतो. उघडायच्या दिवशी तोंड मोकळं करून लगेच कोणी उतरत नाही. काही तास तसंच ठेवायचं, मग कंदील सोडायचा, विझला तर अजून थांबायचं. घाई करून उतरलेल्या माणसांचे जीव गेलेले आहेत. तेव्हा तुमच्या खोलीत दोनशे वर्षांनी कोण उतरणार असेल त्याच्यासाठी दारावर ही सूचना पहिली लिहा, बाकीचं ज्ञान नंतर.

आणि हे सगळं आमच्या गावच्या मातीवर चालतं, कुठंबी खड्डा खणला म्हणून पेव होत नाही. २००५ च्या महापुरात आमची कितीतरी पेवं बुडाली, ढासळली. आता माल बराचसा कोल्ड स्टोरेजला जातो.

कसरभक्षक:

हरिपूरकर, प्रतिसाद जाम आवडला. संग्रहालयात हेच तंत्र वापरतात, लाकडी मूर्ती किंवा पोथी हवाबंद पिशवीत घालून आत नायट्रोजन सोडतात, काही आठवड्यांत कसर, वाळवी, अंडी सगळं मरतं. औषध नाही, वास नाही.

मी ग्रंथालयात आयुष्य काढलेला माणूस (नावावरून कळलं असेलच), तर माझे दोन पैसे. सगळे भिंतींबद्दल बोलताहेत, कागदाबद्दल कोणी बोलेना. माणदेशी साहेब, तुमच्या यादीतल्या सगळ्यात जुन्या गोष्टी सगळ्यात जास्त टिकणार आहेत आणि नव्या आधी मरणार आहेत. चुलत्यांचं मोडी दफ्तर बहुतेक हातकागदावर असेल. आपल्याकडे जुन्नरी, दौलताबादी कागद चालायचा, चिंध्यांच्या लगद्याचा, लांब धाग्याचा. त्यावर काजळाची शाई. काजळ म्हणजे शुद्ध कोळसा, तो उडत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर लाकडाच्या लगद्याचा कागद आला, तुरटी-राळेची खळ असलेला, त्यात आम्ल तयार होतं आणि कागद स्वतःच स्वतःला खातो. साठ-सत्तर सालचं क्रमिक पुस्तक घेऊन पानाचा कोपरा दोनदा दुमडून बघा, तुकडा हातात येईल. तुमचे हजेरीपट त्याच जातीचे आहेत. त्यांना तिजोरीत ठेवलं काय नि देव्हाऱ्यात ठेवलं काय, आतूनच जाणार.

म्हणून क्रम असा धरा: हजेरीपट आणि शाळेची मासिकं आधी स्कॅन, मग चांगल्या आम्लरहित कागदावर प्रत. मूळ कागदाच्या टाचण्या, स्टेपल काढून टाका, गंजून भोकं पडतात. लॅमिनेशन करू नका हो, हात जोडतो!! गावोगावी लोक प्रेमाने जुनी सनद लॅमिनेट करून आणतात, तिला परत कागद करता येत नाही. सेलोटेपही नको. डांबरगोळ्यांनी किडे थोडे लांब राहतात, बुरशीला त्या काही करत नाहीत. बुरशीचं औषध एकच, आर्द्रता पासष्ट टक्क्यांच्या खाली, जमलं तर पन्नासच्या आसपास. शंभर रुपयांची सिलिका जेलची पुडी प्रत्येक पेटीत टाका, निळे दाणे गुलाबी झाले की कळतं ओल शिरली. तव्यावर हलकं तापवलं की परत निळे होतात.

आणि दफ्तर बांधायला सुती कापडच. पुण्याच्या पेशवे दफ्तरात हजारो रुमाल आहेत, रुमाल म्हणजे तेच, कागदांचा गठ्ठा चौकोनी कापडात बांधलेला. कापड ओल आधी स्वतः पितं, धूळ अडवतं आणि आतल्याला श्वास घेऊ देतं. प्लॅस्टिकची पिशवी यातलं एकही काम करत नाही.

टेपवाला:

अहो २०२० नंतरच्या जगात तुम्ही काजळाची शाई काय घेऊन बसलात. सगळं स्कॅन करा, क्लाउडवर तीन ठिकाणी टाका, विषय संपला. बारा बाय वीसच्या खोलीत जे मावेल ते बोटाएवढ्या पेनड्राईव्हवर मावतं.

शंकासुर:

@टेपवाला, आणि ते महिन्याचं भाडं दोनशे वर्षं कोण भरणार, तुम्ही?

टेपवाला:

ते मान्य. पण कागदाचं तरी भाडं नाही असं थोडंच आहे.

आता सीरियसली. मी डेटा सेंटरमध्ये बॅकअपच बघतो, म्हणून आयडी असा. पेनड्राईव्ह कपाटात पडून पडून चार्ज सोडतो, हार्डडिस्कचं चाक अडकतं, टेप तीसेक वर्षं टिकते पण ती वाचणारं यंत्र फार तर एक-दोन पिढ्या मागच्याच टेप वाचतं. आमच्याकडे जुनी टेप धडधाकट असते आणि ड्राईव्ह भंगारात गेलेला असतो, हे रोजचं आहे. इंग्लंडमधला किस्सा सगळ्यांना माहीत असेल, १०८६ च्या डूम्सडे बुकाला (तिथली जमीनजुमल्याची जुनी नोंदवही) नऊशे वर्षं झाली म्हणून बीबीसीने १९८६ ला नवा डिजिटल डूम्सडे केला, लाखो शाळकरी पोरांनी माहिती गोळा केली, लेझर डिस्कवर घातली. पंधरा-सोळा वर्षांत ती डिस्क वाचायची पंचाईत, खास खटपट करून सोडवावी लागली. आणि मूळ १०८६ चं पुस्तक उघडलं की वाचता येतं.

म्हणून स्वालबार्डच्या त्या खाणीत डिस्क नाही, फिल्म ठेवतात. २०२० मध्ये गिटहब या कोड साठवणाऱ्या कंपनीने जगभरचा ओपन सोर्स कोड तिथे ठेवला, २१ टेराबाईट, १८६ रिळं. माहिती बारीक ठिपक्यांच्या रूपात फिल्मवर छापलेली, आणि ते ठिपके कसे वाचायचे ते सुरुवातीला साध्या डोळ्यांना भिंगातून वाचता येईल अशा अक्षरात. ही आयडिया ढापण्यासारखी आहे. वाचायची रीत त्याच माध्यमावर हवी, वेगळ्या मॅन्युअलमध्ये नको.

फ्रायबुर्गकर:

मी जर्मनीत फ्रायबुर्गला असतो. इथून जवळ ओबररीड गावाच्या डोंगरात बांधकाम_बाळू म्हणतात तसा आडवा बोगदा आहे, बार्बाराश्टोलन. जुन्या चांदीच्या खाणीचा. १९७५ पासून जर्मनी आपल्या महत्त्वाच्या कागदपत्रांच्या मायक्रोफिल्म तिथे ठेवतो. फिल्म आधी दहा अंश तापमान आणि पस्तीस टक्के आर्द्रतेत कित्येक दिवस ठेवतात आणि मग स्टीलच्या पिंपात घालून बंद करतात. म्हणजे बोगदा कोरडा ठेवायची कटकट नाही, प्रत्येक पिंपच आपापलं कोरडं. ट्रेकला गेलं की दार बाहेरून दिसतं. लोखंडी जाळी, आणि निळ्या-पांढऱ्या ढालीची खूण तीनदा, युद्धात इथे हल्ला करायचा नाही असा त्याचा अर्थ. आत सोडत नाहीत. वाचनालय वगैरे काही नाही, गोदाम आहे.

उपयोग झाला का? झाला. ३ मार्च २००९ ला कोलोन शहराचं अर्काइव्ह कोसळलं. शेजारी जमिनीखाली मेट्रोचं काम चालू होतं. हजार वर्षांचे कागद ढिगाऱ्यात आणि खालच्या पाण्यात. बरेचसे तुकड्यातुकड्यांत सापडले, अजून जोडताहेत. पण जुन्यापैकी बऱ्याच कागदांची फिल्म ओबररीडच्या डोंगरात होती. त्यामुळे माणदेशी, माझं मत असं की मूळ कागद खाली पुरू नका. मूळ वर ठेवा, लोकांच्या वापरात, आणि खाली ठेवा त्याची नक्कल.

अवांतर: ऑस्ट्रियात हालश्टाटच्या मिठाच्या खाणीत मार्टिन कुन्झे नावाचा माणूस २०१२ पासून चिनीमातीच्या फरशांवर मजकूर भाजून ठेवतोय, वीस बाय वीस सेंटिमीटरची फरशी. कोणालाही आपला मजकूर देता येतो. मीठ हळूहळू सरकत खोली स्वतःच बंद करतं. आणि भाग घेणाऱ्यांना चिनीमातीची एक चकती देतात ज्यावर जागेची खूण आहे. २०७० मध्ये चकतीवाल्यांनी भेटायचं आणि मग दर पन्नास वर्षांनी.

शंकासुर:

सगळे कुठे आणि कसं यावर लिहिताहेत. मला काय ठेवायचं आणि कोणी ठरवायचं यात रस आहे.

लाल किल्ल्यातलं कालपात्र आठवतंय का कोणाला? १५ ऑगस्ट १९७३ ला इंदिराबाईंच्या सरकारने स्वातंत्र्याच्या पंचवीस वर्षांचा इतिहास लिहून जमिनीत पुरला, हजार वर्षांनी उघडायचा म्हणून. त्यात काय लिहिलंय यावरून भांडणं. ७७ ला जनता सरकार आलं आणि त्याच वर्षी उकरून काढला! हजार वर्षांचं ते चार वर्षांवर आलं. पुरलेल्या वस्तूला सगळ्यात मोठा धोका पुराचा नसतो, पुढच्या निवडणुकीचा असतो.

उलट टोक म्हणजे अमेरिकेत अटलांटाजवळच्या ओगलथॉर्प विद्यापीठात तळघरातली एक खोली १९४० ला सील केली, उघडायची सन ८११३ मध्ये. हो, आठ हजार एकशे तेरा. आत मायक्रोफिल्म, आणि येणाऱ्याला इंग्रजी शिकवायचं एक यंत्र. तेव्हाचे लोक इंग्रजी बोलत नसतील एवढा विचार केला म्हणजे कौतुकच.

माणदेशी, तुमच्या यादीत गजीनृत्य आणि मेंढरांची औषधं आहेत म्हणून मला हा धागा आवडला. "कामाची पुस्तकं" मात्र काढून टाका असं माझं मत. गणित आणि लोखंड जगात हजार ठिकाणी सुरक्षित आहे. त्या धनगर आजोबांची वही एकच आहे.

वऱ्हाडी_ठेचा:

बाप्पा, एवढा धागा झाला आणि जैन भांडाराचं नाव कोणी काढेना!

मी कारंजा लाडच्या जवळचा. आमच्या कारंज्याच्या जैन मंदिरांत पिढ्यानपिढ्या पोथ्या जपून ठेवलेल्या. त्यातूनच दहाव्या शतकातल्या पुष्पदंताची अपभ्रंश काव्यं उजेडात आली, राष्ट्रकूटांच्या मान्यखेटात लिहिलेली. १९३० च्या दशकात प. ल. वैद्य आणि हिरालाल जैन यांनी संपादून कारंज्याहूनच छापली. मराठीच्या आधीची आपली भाषा कशी होती हे ज्यावरून कळते त्यातला मोठा साठा वऱ्हाडातल्या एका गावात कापडात बांधून बसला होता.

आणि जमिनीखालचंच पाहिजे तर जैसलमेरच्या किल्ल्यात जिनभद्रसूरींनी पंधराव्या शतकात स्थापलेला ज्ञानभंडार बघा. मंदिराखालच्या भोयऱ्यात, अरुंद वाटेने वाकून जावं लागते. हजार वर्षांपूर्वीची ताडपत्रं आहेत त्यात. भादरिया पण त्याच जिल्ह्यात, काहून? तर हवा कोरडी. पण निव्वळ हवेने नाही जमत. कार्तिक शुद्ध पंचमीला जैनांची ज्ञानपंचमी असते. पावसाळा सरलेला. त्या वेळेस पोथ्या बाहेर काढायच्या, झटकायच्या, हवा द्यायची, वेष्टन खराब झालं असेल तर बदलायचं, पूजा करायची, परत ठेवायच्या. कोणती पोथी कुजू लागली, कोणाला वाळवी लागली ते दरवर्षी ध्यानात येते आणि तिची नवी नक्कल करवून घेणं हे पुण्याचं काम. बंद करून विसरून जायचं असा कारभारच नाही तो. माणसाला आळस येईल म्हणून त्याला सण करून टाकलं.

कसरभक्षक:

ठेचा भाऊ, हे सोन्यासारखं बोललात. आणि आपल्याकडे दसऱ्याचं पाटीपूजन आहेच, तेही पाऊस सरल्यावर. पूजेला एक वही पुढे ठेवतो आणि बाकी कपाट उघडत नाही एवढंच.

अवंती:

मला माणसांबद्दल लिहायचंय. दुसऱ्या महायुद्धात वॉर्सामधल्या, नाझींनी कोंडलेल्या ज्यूंच्या वस्तीत इमॅन्युएल रिंगेलब्लुम या इतिहासकाराने लोक जमवून गुपचूप सगळं गोळा केलं, रेशनची कुपनं, शाळकरी पोरांचे निबंध, पत्रकं, डायऱ्या, सूपकिचनचे हिशोब. १९४२ ला पहिला भाग पत्र्याच्या पेट्यांत आणि ४३ ला दुसरा दुधाच्या दोन मोठ्या कॅनमध्ये घालून एका शाळेच्या इमारतीखाली पुरला. युद्धानंतर सगळं शहर विटांचा ढीग झालं होतं. जागा माहीत असलेले जवळजवळ सगळे मारले गेले, वाचलेल्यांतल्या हर्श वासर यांनी जागा दाखवली म्हणून १९४६ ला पेट्या निघाल्या. पेट्यांत पाणी गेलेलं, कागद लगदा व्हायला आलेले. दुधाचे कॅन १९५० ला सापडले, ते बऱ्या अवस्थेत, झाकण घट्ट बसतं ना त्यांचं. तिसरा साठाही पुरला होता, तो आजतागायत मिळालेला नाही.

शंकासुर, तुम्ही म्हणता ते "काय ठेवायचं" त्यांनी फार छान ठरवलं होतं. मोठ्यांची भाषणं नव्हती त्यात. ७२ चे हजेरीपट मला त्याच जातीचे वाटतात, कोणाच्या बायकोने किती दिवस खडी फोडली आणि किती सुकडी मिळाली हे इतिहासाच्या पुस्तकात येत नाही.

आणि उलटही होतं. सीरियात दमास्कसजवळच्या दराया गावात वेढा पडला असताना पोरांनी बॉम्ब पडलेल्या घरांतून पुस्तकं काढून एका तळघरात ग्रंथालय केलं, कोणाचं पुस्तक ते पहिल्या पानावर लिहून, परत द्यायचं म्हणून. लोक येऊन वाचायचे. २०१६ ला गाव रिकामं करावं लागलं आणि जागा कळल्यावर ती पुस्तकं बाजारात विकायला आली. म्हणजे जागा कोणालाच माहीत नसेल तर साठा हरवतो, आणि नको त्याला कळली तर लुटला जातो.

निनाद_७:

पॉपकॉर्न संपले, वही-पेन घेऊन बसलोय. वाखूसा (वाचनखूण साठवली).

एक शंका. हे सगळं दोनशे वर्षांनी वाचणार कोण? मोडी बघा ना. शंभर वर्षांपूर्वी तलाठ्यापासून सावकारापर्यंत सगळे लिहीत होते, आज सातबारा सोडून जुना कागद निघाला की मोडीवाला शोधत फिरावं लागतं. कागद धडधाकट, अक्षर सुंदर, आणि आपण ठोंबे.

कसरभक्षक:

@निनाद_७, अगदी. महानुभावांनी तर मुद्दाम सकळ लिपी, सुंदरी लिपी अशा सांकेतिक लिप्यांत ग्रंथ ठेवले. जपले उत्तम, पण पंथाबाहेरच्या मराठी माणसाला ते साहित्य विसाव्या शतकापर्यंत बंदच होतं, इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी लिपीचा उलगडा केल्यावर दार उघडलं. दुसरी बाजू अशी की लीळाचरित्राची मूळ पोथी धामधुमीत गेली असं पंथाची परंपरा सांगते, तेव्हा ती परत उभी राहिली पाठांतरावर, हिराइसा या पंथातल्या बाईंचा पाठ वगैरे. पाठभेद झाले पण ग्रंथ राहिला.

तेव्हा मोडी कागदाबरोबर समोरासमोर देवनागरी प्रत ठेवा, आणि शेवटी बाराखडीचा तक्ता. टेपवाल्यांची आयडिया, दुसरं काय.

टेपवाला:

रॉयल्टी व्यनिने (व्यक्तिगत निरोपाने) पाठवा.

माणदेशी_माणूस:

मंडळी, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. घरी वाचून दाखवला धागा, बायको म्हणाली की खड्ड्याचा नाद सुटला असेल तर आधी कपाट आवरा.

आत्तापुरतं माझं असं ठरतंय. खाली खड्डा रद्द. आमच्या माळाच्या कडेला एक टेकाड आहे, त्याच्या पोटात आडवी खोली होते का बघतो, बाहेर उतार ठेवून. नाहीच जमलं तर जमिनीवरच दोन हात जाड दगडी भिंतीची, उत्तरेला दार असलेली खोली. तिथे फक्त नकला. मूळ दफ्तर गावातच, कापडात. पेट्या प्रत्येकी हवाबंद, आत सिलिका जेल. स्टीलचे दुधाचे कॅन फलटणच्या बाजारात मिळतात, ते माझ्या डोक्यातून जात नाहीयेत. कामाची पुस्तकं यादीतून काढली, फक्त विहीर बांधायचं ठेवतो कारण आमच्याकडे ती दगडी घडवायची पद्धत वेगळी आहे आणि करणारे दोनच गवंडी उरलेत.

उघडायचा दिवस दसरा. पाटीपूजन शाळेतल्या पोरांकडून तिथंच करून घ्यायचं, पेट्या त्यांनीच उघडायच्या, गुलाबी दाणे त्यांनीच शोधायचे. जागेचा नकाशा शाळेत, ग्रामपंचायतीत आणि तीन घरांत. घरं वेगवेगळ्या आळीतली आणि वेगवेगळ्या पार्टीतली धरणार, शंकासुर यांचा प्रतिसाद वाचून ठरवलं.

शंकासुर:

तीन घरं तीन पार्ट्यांची हे बेस्ट. एक घर बायकांच्या बचतगटातलं धरा, पार्टी बदलली तरी गट राहतो.

बांधकाम_बाळू:

टेकाडाचं घाई करू नका. आधी त्याच्या पायथ्याला चार फुटांचा खड्डा घ्या आणि एक पावसाळा उघडा ठेवा, वर पत्रा टाकून. पाणी कुठल्या बाजूने येतं ते भिंतीवर खडूने खूण करत जा. शेजारच्या विहिरीची पातळी कोजागिरीला आणि मेअखेर मोजून इथे टाका. दगड सलग आहे का मांजऱ्या (मऊ, भोकाभोकांचा) हे पण बघायला लागेल, मांजऱ्या असेल तर बोगदा विसरा. फोटो टाका, मग पुढचं बोलू.

अवंती:

हे सगळं होईल तेव्हा होईल, पण त्या ओव्यांच्या कॅसेट कुठे आहेत आत्ता? पत्र्याच्या पेटीत, माळ्यावर? माणदेशातल्या उन्हाळ्यात? या धाग्यातली सगळ्यात नाजूक वस्तू तीच आहे, कागदाच्या कितीतरी आधी जाईल. जात्यावरच्या ओव्यांचं काम मोठ्या प्रमाणावर झालेलं आहे, हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या प्रकल्पात गावोगावच्या लाखावर ओव्या जमा झाल्या, गाणाऱ्या बाईचं नाव-गाव लिहून. तुम्हीही नाव, गाव, आळी लिहून ठेवा, म्हाताऱ्या आहेत तोवर. बोगदा नंतर खणता येईल.

माणदेशी_माणूस:

माळ्यावरच आहेत ताई. उद्या उतरवतो. गाणाऱ्यांतल्या दोघी आहेत अजून, त्यांना ऐकवून कोणती कोणाची ते लिहून घेतो. पण आमचा टेपरेकॉर्डर फिती खातो. सातारा-फलटण बाजूला चालू कॅसेट प्लेअर कोणाकडे आहे का?

टेपवाला:

आहे. मी फलटणचाच, पुण्यात कामाला. डबल डेकचा, रबर बदललेला, हेड साफ करून ठेवतो आणि लाइन आऊटची वायर पण आणतो. येताना कॅसेट डिकीत उन्हात ठेवू नका आणि आधी एकदा पुढे-मागे गुंडाळून घ्या, जुन्या फिती एकमेकींना चिकटलेल्या असतात. शनिवारी मी गावी आहे. व्यनि केलाय, बघा.